हातचा एक

मोहीम उलटी लिहायची असते.
आधी शिखराचा दिवस. सोळा मे, नाहीतर सतरा,
वारा विसाच्या आत.
त्याच्या आधी कॅम्प चार, त्याच्या आधी तीन,
मध्ये दोन दिवस कोरे, आभाळाच्या मर्जीचे.
असं एकेक पान खाली उतरत
मकालूच्या तळावरून यांगले खर्कात,
ताशीगावच्या पायऱ्यांवरून नुमच्या पुलाशी,
तुमलिंगटारच्या धावपट्टीवर,
आणि तिथून बौद्धाच्या मागल्या गल्लीतल्या या गोदामात,
जिथे अजून फाल्गुन आहे, वीज गेलेली आहे
आणि मी वजनकाट्यापाशी बसून
नूडल्सचे खोके मोजते आहे.

गिऱ्हाइकं नऊ.
बेर्गेनच्या दंतवैद्याला हवंय, कॅम्प दोनवर कॉफी कुठली मिळेल ते.
ओसाकाच्या बाईंनी बुटांचा नंबर तीनदा बदलला.
(भीती आधी तळपायात उतरते, असं गेलू म्हणतो.
गेलू आमचा आचारी. तळाच्या वर कधी गेलेला नाही.)
एकाला ‘का चढायचंय?’ पुढच्या चार ओळी पुरल्या नाहीत,
त्याने वेगळा कागद जोडलाय.
वाचला मी. चांगला लिहिलाय. बायकोबद्दल आहे.

शेर्पांचा अर्ज अर्ध्या पानाचा:
नाव, गाव, रक्तगट, वारस, नातं.
छेवांगने वारस म्हणून लिहिलंय, ‘मुलगी’.
अकरा दिवसांची आहे. लामा खालच्या गावी गेलाय,
तो आल्यावर नाव ठरेल.
विमावाले हा कागद परत पाठवणार.
मी तो तसाच फायलीत खाली सारला.

आता ऑक्सिजन.
गिऱ्हाइकाला पाच नळकांडी, शेर्पाला तीन.
नऊ पाचे पंचेचाळीस, बारा त्रिक छत्तीस.
पाच नि सहा अकरा,
अकराचा एक, हातचा एक.

मला बेरीज आबांनी शिकवली,
बेदिंगला, चुलीपुढे, बोटांवर.
बोटं सात.
उरलेली तीन कुणा परक्याच्या शिखरावर राहिली,
त्या माणसाचं नाव आबांना नीट उच्चारता येत नसे,
पण दर लोसारला त्याचं कार्ड यायचं.
सातापुढचा आकडा आला की आबा माझा हात ओढून घ्यायचे
आणि माझ्या बोटांवर पुढे मोजायचे.
कितीतरी वर्षं मला वाटायचं
हातचा म्हणजे हेच,
आपला संपला की शेजारच्याचा घ्यायचा.

एक्याऐंशी.
मी ब्याऐंशी लिहिलं.

संध्याकाळी नुरु वांग्दी आला, सरदार,
कपाळावर दिवा, बोट यादीवरून हळूहळू खाली.
दोर. बर्फाचे खिळे. केरोसीन. पूजेचा जुनिपर.
बोट थांबलं.
‘एक जास्त झालंय.’
‘हातचा आहे,’ मी म्हटलं.
त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.
एका नळकांड्याची किंमत त्याला पाठ आहे,
आणि मालकाचा आवाजही.
खिशातून पेन्सिल काढली, पान उलटलं,
जेवणतंबूत अंथरायची प्लास्टिकची हिरवळ, दोन गुंडाळ्या,
त्यातल्या दोनाचा एक केला.
‘अर्ध्या तंबूत दगड असले तर मरत नाही कुणी,’
एवढं बोलून चहा न घेता गेला.

वीज आली.
काट्यावर काही नसताना काटा
दीडशे ग्रॅम दाखवतो. नेहमीच दाखवतो.
दुरुस्त करायचाय, यादीत आहे.

यादीत परतीचे दिवस मात्र कमी पडतात.
उलटं लिहीत गेलं की शिखरानंतरचं सगळं
पहिल्या पानाच्या वरच्या समासात येतं,
तिथे जागा नसते. एक शब्द मावतो: ‘खाली’.

रात्री उशिरा फोन. छेवांग.
मागे कुत्री, मागे वारा, आणि बाळ रडतंय, की बाईच.
नाव ठरलं.
मी फाईल उपसली, कागद वर काढला,
‘मुलगी’वर रेघ मारली नाही, पुढेच लिहिलं:
डिकी यांगझोम शेर्पा.
रकाना लहान.
आडनाव नात्याच्या चौकटीत गेलं.